तुटक

मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी सात ते आठ,
नेरूळमध्ये एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत
मी मराठी शिकवते.
सहा जण येतात. त्यांतल्या लीलाम्मा कुरियन,
बँकेतून निवृत्त. बत्तीस वर्षं इथे राहून
भाजीवाल्यापुरतीच मराठी आली, याची त्यांना आता लाज वाटते.

त्यांनी विचारलं, वत्सला टीचर, तुटक म्हणजे काय?
शेजारीण म्हणाली, तुमची सून तुटक वागते.
म्हणजे तुटलेली?

नाही, मी म्हटलं. तुटलेलं ते तुटलेलं.
कपाचा कान तुटतो, दोन तुकडे हातात घेऊन दाखवता येतात.
तुटकमध्ये काहीच तुटलेलं नसतं.
विचारलेल्याचं उत्तर मिळतं. चहा मिळतो,
साखरही बेताची असते.
फक्त कप ठेवून कुणी शेजारी बसत नाही.

मग अबोला?
अबोल्यात निदान चुरस असते, आधी कोण बोलतंय याची.
रुसव्यात तर डोळा दाराकडेच.
तुटक एकट्यालाच वागता येतं,
वर्षानुवर्षं, कुणाच्या मदतीशिवाय.
लिहून घ्या: तुटक बोलणे. तुटक वागणे.
तुटक रडणे असं मराठीत म्हणत नाहीत.

वाक्यात उपयोग करा, असं फळ्यावर लिहिलं
आणि नमुन्याचं वाक्य हातातून आपसूक उतरलं:
भाऊ तुटक बोलतो.

भाऊ म्हणजे पद्माकर. करावे गावात, तळ्यामागच्या आळीत.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड निघाला तेव्हा
हक्कसोडपत्रावर सही करताना
मी पेन वर धरून एकदा विचारलं होतं,
यात माझं काय?
सही केली. पण विचारलं होतं.
त्याला सहा वर्षं झाली.
तेव्हापासून फोनवर: हो. बघू. आई बरी. ठेवतो.

हाच माणूस खाडीतून निवटे घेऊन यायचा
आणि एकेका निवट्याची गोष्ट सांगायचा,
कुठला कसा सटकला, कुठल्या बिळात
हात कोपरापर्यंत गेला आणि आत भलतंच काही निघालं.
ऐकता ऐकता भात गार व्हायचा,
आई दोघांनाही शिव्या घालायची.

लीलाम्मांनी वहीतून मान वर केली.
बासष्टाव्या वर्षी गाडी शिकतायत.
शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा पास.
म्हणाल्या, टीचर, हा शब्द मला येतो.
पाम बीच रोडवर आहे, रंगवलेला.
सलग रेषा असली तर ओलांडायची नाही.
तुटक असली तर चालतं.
आधी आरशात बघायचं, मागे कोण आहे.

कुणी हसलं नाही.
तो अर्थ वेगळा, मी म्हटलं,
आणि फळा पुसला. भाऊ आधी,
मग बाकीचं वाक्य.

आठला वर्ग सुटला.
रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगायचा,
तर तोंडातून करावे गाव निघालं.

दार उघडंच होतं. पद्माकर बनियनवर,
आवाज बंद करून मॅच बघत होता, आई झोपली म्हणून.
माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.
म्हणाला,
चपला आत घे. कुत्रा नेतो.

पाच शब्द. मी मोजले.
चपला आत घेतल्या, आणि तशीच उभी राहिले,
हे वाक्य कुठल्या अर्थाखाली लिहायचं
ते न कळून.
पडद्यावर कुणीतरी बाद झालं,
मुक्यानंच सगळं मैदान उठून उभं राहिलं.

आतून भांड्यांच्या आवाजात वहिनीनं विचारलं,
कोण आलंय?

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला,
वच्छी.